जुनी लिंकन घेताना आधी गाडीखाली वाका

या महिन्यात जुन्या अमेरिकन आलिशान गाड्यांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील तीन प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या बऱ्याच पत्रांतील शंकांचे मूळही त्यातच आहे.

प्रश्न : मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि पुढच्या वर्षी निवृत्त होत आहे. 1964 सालची, उघड्या टपाची चार दारांची लिंकन कॉन्टिनेंटल घ्यावी अशी फार दिवसांची इच्छा आहे. दोन गाड्या पाहिल्या. एक याच भागातली, नुकतीच रंगवलेली असून तिचे इंजिन सुरेख चालते. दुसरी अॅरिझोनातली आहे. तिचा रंग उडाला आहे, सीटा फाटल्या आहेत आणि इंजिन कित्येक वर्षे बंद आहे. दुसरी बरीच स्वस्त असली तरी पहिलीच घेणे शहाणपणाचे, असे घरच्यांचे मत आहे. आपण काय सुचवाल?

उत्तर : घरच्यांचा रोष पत्करून सांगतो, निर्णय घेण्यापूर्वी दुसरी गाडी नीट पाहून या. 1961 साली एल्वूड एंगल यांच्या आराखड्यानुसार ही कॉन्टिनेंटल बाजारात आली, तेव्हा त्या काळच्या बहुतेक मोठ्या अमेरिकन गाड्यांना असे तशी वेगळी चासी तिला नव्हती. तिचा सांगाडा आणि पत्रा एकसंध आहे. त्यामुळे वेगळी चासी असलेल्या कॅडिलॅकच्या दारांखालचा पत्रा कुजला तर ते मुख्यतः पत्र्याचे काम ठरते, पण लिंकनच्या बाबतीत तोच पत्रा गाडीचे वजन पेलत असल्याने तो गेला की गाडीचा कणाच गेला असे समजावे. उघड्या टपाच्या गाडीला वरून छताचा आधार नसल्याने सगळा भार तळावर येतो आणि गाडीचे वजन सव्वादोन टनांच्या पुढे आहे. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, हे आपणांस सांगायला नकोच. इथे साठ वर्षे काढलेल्या गाडीवर ताजा रंग दिसला की मला आनंद होण्याऐवजी संशय येतो.

या गाडीची मागची दारे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, म्हणजे पुढच्या दारांच्या उलट दिशेने उघडणारी आहेत. चारही दारे बंद करून पुढच्या व मागच्या दारांमधली फट पाहा. ती वरपासून खालपर्यंत सारखी असली पाहिजे. वर रुंद आणि खाली अरुंद, किंवा याच्या उलट असेल, अथवा दार किंचित उचलल्याशिवाय लागत नसेल, तर गाडी मधून वाकू लागली आहे असे समजा. नंतर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक दारांखालच्या पत्र्यावरून आणि मागच्या चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पुट्टी भरलेली आहे. शेवटी टॉर्च घेऊन खाली वाका आणि गाडीचा व डिकीचा तळ पाहा. कपडे मळतील, पण विक्रेत्याने हे करू दिले नाही तर तिथूनच परत फिरा.

बंद इंजिनाची इतकी धास्ती घेऊ नये. ते 430 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 7 लिटरचे, बिडाचे धिप्पाड आठ सिलिंडरी यंत्र आहे. प्लग काढून क्रँक पान्याने हाताने फिरत असेल, तर ते बांधून घेण्याच्या खर्चाचा अंदाज कोणताही जाणकार मेकॅनिक आधी देऊ शकतो. कुजलेल्या तळाचा अंदाज मात्र पत्रा उघडेपर्यंत कोणालाच देता येत नाही. अॅरिझोनाच्या उन्हाने रबर, वायरींवरचे वेष्टण आणि सीटा खाल्लेल्या असतात, ही दुसरी बाजूही आहे. तो खर्च हिशेबात धरूनच किंमत बोला. क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या चौकटी, दारांच्या मुठी यांपैकी काय नाही याची यादी जागेवरच करा. इंजिनाचे भाग अजून मिळतात, पण हरवलेल्या एका पट्टीसाठी माणसे हिवाळेच्या हिवाळे शोधाशोध करतात.

टपाची यंत्रणा हा स्वतंत्र विषय आहे. बटण दाबले की डिकीचे झाकण पुढच्या बाजूने उचलले जाऊन मागे उघडते, टप घड्या घालत आत जातो आणि झाकण पुन्हा मिटते. यामागे मोटारी, तेलाचा पंप, रिले आणि मर्यादा स्विच यांची लांबलचक साखळी असते आणि त्यातला एक दुवा रुसला तर टप अर्ध्यावर अडकतो, तोही बहुधा पाऊस येण्याच्या बेतात. चालू गाडीत टप लागोपाठ दोनदा उघडून मिटवायला सांगा. मागचे दार उघडताना काच आपोआप थोडी खाली सरकते का, तेही पाहा. ती मुळातच तशी केलेली आहे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक 1965 पासून आले, म्हणजे आपल्या गाडीला चारही ड्रमच असणार. थांबायच्या जागेच्या बऱ्याच आधी ब्रेक दाबायची सवय करावी लागेल.

कागदपत्रांत टायटलवरील, म्हणजे मालकीच्या दाखल्यावरील, क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. 1964 च्या लिंकनमध्ये पहिला आकडा 4 वर्षाचा, पुढचे वाय हे अक्षर विक्सम कारखान्याचे आणि त्यापुढचे 86 हे उघड्या टपाचे चिन्ह असते. तिथे 82 असेल तर ती जन्माने बंद छताची आहे. शक्य असेल तर खरेदीआधी हिकरी कॉर्नर्स येथील गिलमोर संग्रहालयात एक दिवस घालवा. तिथे लिंकनचे स्वतंत्र दालन आहे. मूळ गाडी एकदा डोळ्यांखालून गेली की नक्कल ओळखायला सोपे जाते.

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या शेजारी 1976 सालची उघड्या टपाची कॅडिलॅक एल्डोराडो विकायची आहे. फारच कमी चाललेली आणि कायम गॅरेजात झाकून ठेवलेली आहे. गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

उत्तर : गुंतवणूक म्हणून घेऊ नये. अमेरिकन बनावटीची शेवटची उघड्या टपाची गाडी अशी तिची त्या वर्षी जाहिरात झाली, लोकांनी वाढीव किंमत मोजून गाड्या घेतल्या आणि न चालवता झाकून ठेवल्या. त्या वर्षी अशा 14,000 गाड्या बनल्या. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? पुढे 1984 साली कॅडिलॅकनेच पुन्हा उघड्या टपाची एल्डोराडो आणली आणि आधीचे काही मालक चिडून न्यायालयात गेले. शेवटच्या 200 पांढऱ्या गाड्यांपैकी ती असेल तर थोडी वेगळी गोष्ट, पण तसे कागद हवेत.

चालवण्यासाठी घेणार असाल तर जरूर विचार करा. 8.2 लिटरच्या त्या इंजिनाला घाई ठाऊक नाही. मात्र न चाललेली गाडी म्हणजे ताजी गाडी नव्हे. टाकीत जुन्या पेट्रोलचा वार्निशसारखा वास येत असेल तर टाकी, पाईप व कार्बोरेटर उघडून साफ करावे लागतील. आजच्या पेट्रोलमध्ये बहुधा 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा ओढते आणि त्या काळच्या रबराला मानवत नाही, म्हणून सगळे होज पाईप पहिल्याच आठवड्यात बदला. टायरांची नक्षी शाबूत दिसली तरी त्यांचे वय विचारा.

बंपर आणि पत्रा यांमधल्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या अंगठ्याने हलके दाबून पाहा. मी 1978 ची कॅडिलॅक सेदान द व्हिल घेतली तेव्हा विक्रेत्याने, पट्ट्या मूळच्याच आहेत, असे अभिमानाने सांगितले होते. त्या मूळच्याच होत्या. घरी आणून धुताना त्यांतली एक बिस्किटासारखी हातात आली. नव्या पट्ट्या मिळाल्या, पण रंग जुळवण्यात गाडीचा अर्धा मागचा भाग रंगवावा लागला.

आणि घेण्याआधी गॅरेज मोजा. ही गाडी साधारण 5.7 मीटर लांब आहे.

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडून जुनी लिंकन पुण्याला आणता येईल का?

उत्तर : आयातीचे नियम व शुल्क यांत बदल होत असतात, म्हणून मुलाने बयाणा देण्याआधीच सीमाशुल्काचे काम करणाऱ्या दलालाकडून लेखी अंदाज घ्या. नोंदणीपुरते सांगायचे तर 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. स्टिअरिंग डावीकडे असल्याने वळणाचे दिवे चालू स्थितीत असणे कायद्याने आवश्यक आहे.

माझे मत विचाराल तर लिंकन टेक्सासमध्येच राहू द्यावी, कारण सुटे भाग आणि ती बांधणारे हात दोन्ही तिथे आहेत. जनरल मोटर्सने 1928 पासून 1954 पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या. त्यांतली एखादी शेवर्लेट किंवा ब्यूक आपल्या आसपासच्या एखाद्या वाड्यात धूळ खात असेल. तिचे स्टिअरिंगही उजवीकडे असेल. ती सापडली तर मला जरूर कळवा, पण आधी खाली वाकून तळ पाहा.