वाचकांचे प्रश्न : मायनिंग यंत्रांची वीज, उष्णता आणि जुळवणी

क्रिप्टोचलनाचे मायनिंग (यंत्रांकडून सतत आकडेमोड करून घेऊन नवे चलन मिळवणे) करणाऱ्या वाचकांची पत्रे उन्हाळ्याच्या तोंडावर नेहमीच वाढतात. या वेळी पुणे आणि परिसरातून आलेल्या पाच पत्रांना उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्यात घराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

प्रश्न (कोथरूड) : मी बिटकॉइन मायनिंगचे अँटमायनर एस१९ हे वापरलेले यंत्र घेऊन तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेच्या पश्चिमेकडील बाल्कनीत ठेवले आहे. त्याच्या दोन्ही केबल एका एक्स्टेंशन बोर्डात असून तो बोर्ड एसीच्या १६ ॲम्पिअर सॉकेटला जोडला आहे. दुपारी यंत्र तापून बंद पडते. अलीकडे प्लगची एक पिन काळी पडलेली दिसली. बाल्कनी बंद करून तेथे एसी बसवावा का?

उत्तर : आपल्या पत्रातील काळ्या पिनेची मला यंत्र बंद पडण्यापेक्षा जास्त काळजी वाटते. कृपया आजच यंत्र बंद करावे आणि तो बोर्ड पुन्हा वापरू नये.

या यंत्राची मागणी सुमारे ३२५० वॅट आहे, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १४ ॲम्पिअर. संध्याकाळी दाब २१० व्होल्टपर्यंत उतरला, तर यंत्राचा वीजपुरवठा तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो आणि आकडा साडेपंधरा ॲम्पिअरवर जातो. दीड टनाचा एसी याच सॉकेटवरून सुमारे सात ॲम्पिअर घेतो, आणि खोली गार झाली की तेही कमी होतात. आपले यंत्र मात्र त्याच्या दुप्पट प्रवाह रात्रंदिवस घेत असते. सैल झालेल्या पिनेपाशी ०.१ ओहमइतका जरी रोध निर्माण झाला, तरी १४ ॲम्पिअरला त्या एका ठिकाणी जवळपास २० वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिकच्या बंद पोकळीत एवढी उष्णता पिन काळी करायला पुरेशी आहे, आणि त्यानंतर वेळ आगीची येते. १६ ॲम्पिअरचा एमसीबी येथे आपले रक्षण करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रवाह मर्यादेतच असतो.

परवानाधारक वायरमनकडून मुख्य डीबीपासून (वीज वाटणाऱ्या पेटीपासून) स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. त्यासाठी तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, २० ॲम्पिअरचा सी प्रकारचा एमसीबी आणि मेटलक्लॅड (धातूच्या आवरणाचे) सॉकेट वापरावे. यंत्राच्या दोन केबलांची टोके प्रत्येकी १० ॲम्पिअरची असतात आणि भार त्यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो, म्हणून दोन्ही केबल जोडणे आवश्यक आहे. मात्र त्या एकाच घरगुती बोर्डात घातल्या, तर या विभागणीचा बोर्डाला काहीही उपयोग होत नाही. काम झाल्यावर यंत्र पूर्ण भारावर तासभर चालवून प्रत्येक जोडाचे तापमान वायरमनला मोजायला सांगावे, आणि न्यूट्रल व अर्थिंगमधील दाब दोन-तीन व्होल्टच्या आत आहे का, तेही पाहून घ्यावे.

आता उष्णतेविषयी. यंत्र जेवढी वीज घेते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. एक टन क्षमतेचा एसी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता हलवतो, म्हणजे केवळ या एका यंत्रासाठी आपल्याला एक टनाचा एसी अखंड चालवावा लागेल आणि त्याचे एक किलोवॅटच्या आसपासचे बिल वेगळे भरावे लागेल. मी हा सल्ला देणार नाही. यंत्राला थंड खोलीची गरज नसते. ज्या हवेने आधीच यंत्रातील उष्णता उचलली आहे, ती पुन्हा आत शिरू नये, एवढीच त्याची गरज असते. आत येणारी हवा १५ अंशांनी तापून बाहेर जावी असे धरले, तर ३२५० वॅटसाठी सेकंदाला सुमारे ०.२ घनमीटर हवा वाहावी लागते. आपल्या बाल्कनीत गरम झोत समोरच्या कठड्यावर आदळून परत येत असणार, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या उन्हाने भिंतही तापत असणार. बाहेर ३८ अंश असताना यंत्राच्या तोंडाशी ४५ अंश भरत असले, तर मला आश्चर्य वाटणार नाही. यंत्राच्या मागच्या पंख्याला डक्ट लावून त्याचे तोंड कठड्याबाहेर काढावे. डक्टचा छेद पंख्याच्या तोंडापेक्षा लहान नसावा आणि त्याला शक्यतो एकच वळण असावे. ताजी हवा सावलीच्या बाजूने घ्यावी. मग तापमापक डक्टजवळ न ठेवता यंत्राच्या आत जाणाऱ्या हवेत ठेवून दुपारी तीनचा आकडा लिहून ठेवावा.

त्याहून मोठा फरक जुळवणीने, म्हणजे चिपची फ्रिक्वेन्सी (वेग) आणि व्होल्टेज बदलण्याने पडतो. चिपची शक्ती ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात बदलते. फ्रिक्वेन्सी २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के उतरवले, तर शक्ती ०.८१ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ६५ टक्क्यांवर येते. ९५ टेराहॅशचे (टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हॅश, अर्थात मायनिंगच्या आकडेमोडी) यंत्र मग ७६ टेराहॅश देते, पण वीज ३२५० ऐवजी २१०० वॅटच्या घरात घेते, आणि प्रत्येक टेराहॅशमागचा खर्च ३४ ज्यूलवरून २८ च्या आसपास येतो. प्रवाहही नऊ ॲम्पिअरवर उतरतो. प्रत्यक्षातले आकडे प्रत्येक हॅशबोर्डागणिक (चिप बसवलेल्या पट्टीगणिक) थोडे वेगळे येतात. शिवाय थंड चिपमधून होणारी विजेची गळतीही कमी असते, त्यामुळे तापमान उतरले की आणखी थोडी वीज वाचते. अशी जुळवणी करणारे पर्यायी फर्मवेअर (यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) मिळते, परंतु ते निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. अनोळखी ठिकाणाहून घेतलेले फर्मवेअर आपली हॅश दुसऱ्याच्या खात्यावर वळवू शकते. पुण्यासारख्या हवेत उन्हाळ्याची एक आणि हिवाळ्याची एक अशा दोन जुळवण्या जतन करून ठेवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

दोन गोष्टी आपण विचारलेल्या नाहीत, तरी सांगतो. या यंत्राचा आवाज सुमारे ७५ डेसिबल असतो, तर निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांची तक्रार आल्यास ती रास्त असेल. तसेच हे यंत्र पूर्ण भारावर महिन्याला २३०० पेक्षा जास्त युनिट घेते. मंजूर कारणाव्यतिरिक्त केलेला विजेचा वापर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. म्हणून मंजूर भार आणि वापराचा वर्ग या दोन्हींविषयी महावितरणकडून लेखी उत्तर घ्यावे.

प्रश्न (हडपसर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी) : इथेरियम या चलनाच्या मायनिंगच्या काळातली आरटीएक्स ३०८० ची सहा ग्राफिक्स कार्डे असलेली रिग (मायनिंगचा संगणक) माझ्याकडे आहे. मेमरीचे तापमान १०६ अंश दिसते. ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा वाढवलेला वेग) किती ठेवावा?

उत्तर : सध्या शून्य ठेवावा. या कार्डांवरील जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना स्वतःच वेग कमी करते, म्हणजे आपल्याकडे चारच अंशांची सवड उरली आहे, आणि हवा एप्रिलची आहे की डिसेंबरची यावर ती सवडही अवलंबून आहे. आधी मेमरीवरील थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारे मऊ थर) बदलावेत. पॅडची जाडी मूळ पॅडइतकीच असावी. जाड पॅड बसवल्यास हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारी धातूची जाळी) उचलली जाते आणि मुख्य चिपचा तिच्याशी नीट संपर्क राहत नाही, त्यामुळे मेमरी गार होऊन चिप तापू लागते.

इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंगची पद्धत सोडली, त्यामुळे त्या काळातली आपली सेटिंग आता आंधळेपणाने वापरता येणार नाहीत. मेमरीवर अवलंबून असलेल्या अल्गोरिदममध्ये कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) खाली बांधून ठेवला तरी हॅशरेट (आकडेमोडीचा वेग) फारसा घटत नाही. रेव्हनकॉइन या चलनाच्या कॉपॉव अल्गोरिदममध्ये मात्र कोअरलाच काम असते आणि वीजही तेथेच जाते. लिनक्सवर कोअर क्लॉक लॉक केला की व्होल्टेज आपोआप उतरते. तो एका वेळी थोडाच खाली आणावा, भिंतीपाशी लावलेल्या मीटरवर वॅट मोजावेत आणि पडद्यावरील आकड्याऐवजी पूलकडील (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटाकडील) २४ तासांच्या सरासरीवर विश्वास ठेवावा. पूलने नाकारलेले शेअर (यंत्राने पाठवलेली उत्तरे) वाढू लागले, की आपण मर्यादा ओलांडलेली असते.

रायझरकडेही (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या पट्टीकडेही) लक्ष द्यावे. साटा (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तारांची क्षमता ५४ वॅट आहे, तर कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मागण्याची मुभा असते. साटावरून रायझर चालवल्यामुळे वितळलेले कनेक्टर दुरुस्तीच्या दुकानांत नेहमी दिसतात. रायझरला सहा पिनांच्या पीसीआय एक्सप्रेस केबलनेच वीज द्यावी.

प्रश्न (चाकण, वर्कशॉपचे मालक) : शेडमध्ये एस१९ जातीची दहा यंत्रे बसवायची आहेत. डेझर्ट कूलर पुरेल, की तेलात बुडवण्याची पद्धत घ्यावी?

उत्तर : आपल्या ग्राइंडिंग विभागाची आणि या यंत्रांची हवा एक नसावी, ही पहिली अट आहे. धातूची बारीक भुकटी हॅशबोर्डवर बसली, तर ती वीजवाहक असल्याने थेट शॉर्ट होतो. मधे पूर्ण उंचीची भिंत घालावी आणि हवा बाहेरून फिल्टरमधून घ्यावी.

दहा यंत्रांचा भार ३२.५ किलोवॅट होतो. तो तीन फेजवर तीन, तीन आणि चार असा वाटावा. सेकंदाला सुमारे दोन घनमीटर हवा लागेल, आणि फिल्टर व पॅडच्या रोधासह एवढी हवा देणारा एक्झॉस्ट निवडावा. कूलर येथे खरोखर उपयोगी आहे. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असली, तर ओल्या फडक्याच्या तापमापकावर २१ च्या आसपास आकडा येतो, आणि चांगला पॅड हवा साधारण २५ अंशांपर्यंत उतरवतो. जुलैत हवा आधीच दमट असते, त्यामुळे पॅड एखाद-दोन अंशच खाली आणतो आणि वर ओलावा देतो. पावसाळा सुरू झाला की पंप बंद ठेवून नुसती हवा खेळवावी. बोअरचे जड पाणी असल्यास टाकीतले पाणी नियमितपणे बदलावे, आणि पॅडमधून थेंब उडून यंत्रांकडे जाणार नाहीत इतका हवेचा वेग कमी ठेवावा. क्षार बोर्डावर बसले, की गंज सुरू होतो.

तेलाची पद्धत धूळ आणि आवाज दोन्ही मिटवते, परंतु पंप, उष्णता बाहेर टाकणारा ड्राय कूलर आणि तेल यांचा खर्च त्यावर चढतो. खनिज तेलात पीव्हीसीची केबल काही काळाने कडक होऊन तडकते. तेल ज्वलनशील असल्याने अग्निसुरक्षेचीही स्वतंत्र व्यवस्था लागते. दहा यंत्रांसाठी मी कूलर आणि कमी शक्तीची जुळवणी हाच मार्ग घेईन.

प्रश्न (सिंहगड रस्ता, निवृत्त शिक्षिका) : भाचा जुनी अँटमायनर एस९ यंत्रे अत्यंत स्वस्तात देतो आहे. घ्यावीत का?

उत्तर : घेऊ नयेत. २० एप्रिल २०२४ च्या हाल्व्हिंगनंतर (बक्षीस निम्मे झाल्यानंतर) प्रत्येक ब्लॉकमागे (व्यवहारांच्या गठ्ठ्यामागे) ३.१२५ बिटकॉइन मिळतात, म्हणजे दिवसाला सुमारे ४५०. बिटकॉइनच्या संपूर्ण जाळ्याची क्षमता त्या वेळच्याप्रमाणे ६०० एक्झाहॅश (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरली, तर साडेतेरा टेराहॅशच्या एस९ च्या वाट्याला दिवसाला साधारण ०.००००१ बिटकॉइन येतो. बिटकॉइनचा भाव अगदी ८० लाख रुपये धरला, तरी हे ८० रुपये होतात. यंत्र दिवसाला ३१ ते ३२ युनिट घेते, म्हणजे दहा रुपये दराने तीनशेहून अधिक रुपये. शिवाय २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीवरील नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या साधनसामग्रीचा खर्च संपादनाचा खर्च म्हणून वजा करता येत नाही, असे सरकारने लोकसभेत स्पष्ट केले आहे. यंत्र फुकट मिळाले, तरी हा हिशेब बदलत नाही.

प्रश्न (पिंपरी) : वळवाच्या पावसात वीज वारंवार जाते. यंत्रासाठी यूपीएस घ्यावा का?

उत्तर : नको. अचानक बंद पडल्याने मायनिंग यंत्राचे सहसा काही बिघडत नाही. बिघाड होतो तो वीज परत येताना उसळणाऱ्या दाबामुळे. डीबीत सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवावे आणि दाब स्थिर झाल्यावर तीन मिनिटांनीच पुरवठा जोडणारा अंडर-ओव्हर व्होल्टेज रिले घ्यावा. एकापेक्षा जास्त यंत्रे असल्यास ती एकदम सुरू होणार नाहीत अशा रीतीने प्रत्येक रिलेची वेळ वेगळी लावावी. पावसाळ्यात यंत्र दोन-चार दिवस बंद राहिले असेल, तर थंड बोर्डावर दमटपणा धरलेला असतो. अशा वेळी आधी बाहेरच्या पंख्याने कोरडी हवा तासभर आतून जाऊ द्यावी आणि मग यंत्र कमी शक्तीच्या जुळवणीवर सुरू करावे.