मळ्याचा रस्सा आणि पित्ताची पिशवी

प्रश्न : ताई, आमच्याकडे लावणीला येणाऱ्या कातकरी मावशी ओढ्यातले मासे बाळंतिणीला, आजाऱ्याला आवर्जून खाऊ घालतात. त्यात खरंच औषध असतं का? माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि कुणीतरी त्यांना माशाचं कच्चं पित्त गिळायला सांगितलंय. द्यावं का?
– एक वाचक, कर्जत

उत्तर : पित्त देऊ नका, आधी हे. रोहूसारख्या माशाचं पित्त गिळून मूत्रपिंडं निकामी झालेले रुग्ण आपल्याच देशात सापडलेत. शिजवूनही ते विष जात नाही. गिळलंच असेल, तर उलट्या थांबल्या म्हणून घरी बसू नका, दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचं दुखणं मागाहून कळतं.

आता रस्सा. वाड्यांवर आरोग्यसेविका म्हणून नवी होते, तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. एका बाळंतिणीच्या चुलीवर मळ्या शिजत होता. बोटाएवढा मासा, तोंडाखालच्या चकतीनं वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारा. (इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, तेही 'मुल्या'. बारसं साहेबाचं, नाव आपलं!) सासूनं पोट साफ करून, हळद-मीठ-चिंच घालून डोक्यासकट शिजवला आणि सुनेला दटावलं, "काटं थुकू नको, चावून खा." मी पिशवीतून कॅल्शियमच्या गोळ्या काढत होते, आणि तेच कॅल्शियम समोर ताटलीत होतं. मोठ्या माशाचे काटे आपण टाकून देतो. लहान्याचे पोटात जातात. डोळे खाल्ले जातात, त्यातून अ जीवनसत्त्वही मिळतं. औषध म्हणाल तर ते एवढंच, पण वरणभातावर बाळंतपण काढणारीला ते थोडं नाही.

तापातून उठलेल्याला मरळ देतात. काटे कमी, आणि हवेतही श्वास घेणारा मासा असल्यानं ओल्या फडक्यात जिवंत घरी येतो. वाडीत फ्रिज कुठला?

मासा कुठला, हे मात्र विचारा. वलगणीत, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यातून खाचरांत चढणारा असेल तर उत्तम. पूर्वी डोहात रामेठ्याच्या झुडपाची साल ठेचून टाकत, मासे गुंगून वर येत. हल्ली काही दिवटे ब्लीचिंग पावडर ओततात, पिल्लांसकट सगळा डोह मारतात. तसला मासा फुकट मिळाला तरी नको.

सासऱ्यांना मळ्याचा रस्सा खुशाल द्या. मधुमेहाची गोळी मात्र चालूच ठेवा.