कळलावीचं जुनं चित्र: आधी कडा बघा, मग फूल

आजोबांच्या ट्रंकेत कळलावीचं हाताने रंगवलेलं छापील चित्र निघालं, ते अस्सल आहे का आणि सोलापूरच्या नवी पेठेत फ्रेमला द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. फ्रेमला एवढ्यात देऊ नका. माझ्या अशाच एका चित्राची कडा फ्रेमवाल्याने न विचारता कापली. चौकटीत बसत नव्हतं म्हणे. खालची बारीक ओळ गेली, आणि चित्र कधीचं, कुणाचं हे सांगणारं तेवढंच होतं. आजही वाईट वाटतं.

इंग्लंडात 1735 च्या कायद्यानंतर अशा चित्रांखाली प्रकाशकाचं नाव आणि तारीख कोरायची पद्धत पडली. नावापुढे 'डेल' असेल तर तो चित्रकार, 'स्कल्प' असेल तर छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर ते कोरणारा.

आता भिंग घ्या. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली रेघ कागदावर किंचित उठलेली असते. उजेड बाजूने तिरका पाडला की दिसते. पत्रा दाबल्याची चौकोनी खूणही कडेला सापडते, मात्र पुस्तक बांधताना ती बऱ्याचदा कापली जायची, म्हणून नसली तर लगेच नकली ठरवू नका. रंगात सारख्या अंतरावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची छपाई.

रंग हाताचा असेल तर कुंचला कुठेतरी रेघेबाहेर गेलेला असतोच. कळलावीत तो पकडायला सोपा: पानाचं टोक वेलीच्या ताण्यासारखं वळतं आणि सहाही पाकळ्यांच्या कडा नागमोडी, तिथे हात चुकतो. पाकळी बुडाशी पिवळी, वर लाल. हा बदल एका रंगातून दुसऱ्यात ओला मिसळलाय का, ते बघा. पानं निळसर दिसली तर घाबरू नका. हिरवा बऱ्याचदा निळ्या-पिवळ्याच्या मिश्रणाचा असायचा आणि त्यातला पिवळा उजेडाने उडतो. उलट कागदावरच्या तपकिरी डागांच्या वर रंग चढवलेला दिसला, तर साधं चित्र नंतर कुणीतरी विकण्यासाठी रंगवलंय, हे समजा.

मागची बाजू विसरू नका. तांब्याचा हिरवा रंग कागद खातो, त्यामुळे पानांच्या नेमकं मागे तपकिरी सावली उमटते. ती जुनेपणाची चांगली खूण आहे.

पाणी लावू नका, हे रंग पाण्यातलेच. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन, काहीही नको. फ्रेम करायचीच तर आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) मागा, काच आणि चित्र यांच्यात फट ठेवायला सांगा, मागे प्लायवुड थेट टेकवू देऊ नका. आणि पश्चिमेच्या भिंतीवर मुळीच नको. सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन लाल रंग टिकू देत नाही. पावसाळ्यात कसर लागते, तेव्हा अधूनमधून उतरवून मागून बघत जा.

तोवर दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, आणि जमल्यास खालच्या ओळीचा व मागच्या बाजूचा फोटो तिरक्या उजेडात काढून मला पाठवा.