चास, तास की नीलकंठ?

प्रश्न असा आलाय की दसऱ्याला ज्याला आपण नीलकंठ म्हणून बघतो त्याला गावातले म्हातारे "तास" म्हणतात, पुस्तकात "चास" लिहिलेलं असतं, मग बरोबर कोणतं आणि हा पक्षी रेअर आहे का.

आधी एक सांगतो, दसरा आला की खंड्याचा फोटो टाकून खाली "नीलकंठ दर्शन" लिहिणं बंद करा बाप्पा. खंड्याची चोच लांब, लालभडक, गळा पांढराशुभ्र. आणि खरं म्हणजे चासाचा तरी कंठ निळा कुठे आहे? तारेवर बसला असताना नीट बघा, गळा नि छाती तपकिरी-जांभळट, त्यावर फिक्कट रेघा. निळाई जास्त करून पंखांत नि शेपटीत, ती उडाल्यावर खरी उघडते. अमरकोशात नीलकंठ हे नाव मोराचं आहे, आणि तिथे ते शोभतं.

आपल्या पक्ष्याचं जुनं नाव चाष, त्याचाच चास झाला. हा शब्द थेट ऋग्वेदात आहे, दहाव्या मंडलाच्या ९७व्या सूक्तात, जिथे वैद्य वनस्पतींची स्तुती करतो आणि रोगाला सांगतो की चाषाबरोबर, किकिदीवीबरोबर उडून जा. अमरकोशातही चाष म्हणजेच किकीदिवि. किकी हा तर सरळ आवाजच, आणि माझं ठाम मत आहे की चाषही आवाजावरूनच आलाय, कारण हा ओरडतो तेव्हा कर्कश "चॅक चॅक" असंच ऐकू येतं, कधी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून ऐका.

आता तास. काही अभ्यासक सांगतात की पऱ्हाटीच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळींमधल्या सरीत, किडे टिपतो म्हणून तास. मला हे अजिबात पटत नाही. नांगरामागे तासात चालत किडे खातात ते बगळे नि साळुंक्या, हा गडी तारेवर नाहीतर बाभळीच्या शेंड्यावर बसतो, वरून नाकतोडा हेरतो, खाली झेपावतो आणि परत वर जाऊन बसतो. शेतात न फिरता नुसती व्युत्पत्ती लावली की असं होतं. माझ्या मते चासचाच तास झालाय. चाक, चूल, चारा म्हणून बघा, हा च आपण "त्स" असा दाताला जीभ लावून म्हणतो, त्याच्या सुरुवातीला त आहेच, बोलता बोलता त्या "त्स"मधला स गळला की चासचा तास. म्हणजे म्हातारे काही चुकीचं बोलत नाहीत, चास आणि तास दोन्ही बरोबर.

दसऱ्याच्या सुमारास हा जास्त दिसतो, त्याचं एक कारण म्हणजे तेव्हा सोयाबीनची सवंगणी चालू असते, पीक कापलं की किडे उघडे पडतात. पिंजऱ्यातला बघून पुण्य मिळत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडून पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे.

हां, रेअर. नाही, चास रेअर नाही. आपल्या विदर्भात रेअर तो काश्मिरी चास, ही वेगळी जात, त्याचं डोकं, गळा, छाती, पोट सगळं फिकट निळं, छातीवर ठळक रेघा नाहीत. पावसाळा सरताना आफ्रिकेकडे जाताना तो मुख्यतः गुजरात-राजस्थानवरून जातो, विदर्भात सहसा येत नाही. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तारेवर चास दिसला की आधी छाती बघा, ती निळी असली तर फोटो काढा, गाव आणि तारीख लिहून ठेवा.