माजी सैनिकाला डिप्रेशन आणि अँग्झायटी दोन्ही असेल तर दोन वेगळ्या थेरपी घ्याव्या लागतात का?

नाही, बहुतेक वेळा एकाच थेरपीत दोन्हींवर काम होतं. युनिफाइड प्रोटोकॉल म्हणून एक पद्धत आहे, बॉस्टन युनिव्हर्सिटीत डेव्हिड बार्लो आणि त्यांच्या टीमने बनवलेली, सीबीटीचाच (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) प्रकार, पण ती आजाराच्या नावामागे न लागता दोन्हींच्या मुळाशी असलेली सवय पकडते, म्हणजे नकोशी भावना आली की टाळायची नाहीतर दाबायची. गर्दीत जायचं नाही, फोन उचलायचा नाही, जुन्या मित्रांना भेटायचं नाही... यातलं कुठलं डिप्रेशनमुळे आणि कुठलं अँग्झायटीमुळे हे वेगळं काढत बसण्यात तसाही फार अर्थ नसतो. २०१७ मध्ये छापून आलेल्या २२३ जणांच्या ट्रायलमध्ये ही पद्धत एकेका अँग्झायटी आजारासाठीच्या स्वतंत्र थेरपीइतकीच चालली आणि शेवटपर्यंत टिकणारे पेशंट जास्त निघाले (माझ्या मते हाच मोठा मुद्दा, अर्धवट सोडलेल्या थेरपीचा उपयोग काय). फक्त ती ट्रायल खास माजी सैनिकांवर नव्हती, आणि युद्धातले प्रसंग सारखे डोळ्यासमोर येत असतील, झोपेतून दचकून उठणं होत असेल तर आधी पीटीएसडीची (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणारा आजार) तपासणी करून घ्या, त्यासाठी अमेरिकेतल्या माजी सैनिक खात्याच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्ये प्रोलॉन्ग्ड एक्सपोजरसारख्या (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जायचं) थेट ट्रॉमावरच्या थेरपी सुचवल्यात.