उजनीसाठी शिडाची होडी: कायमची कील की उचलता येणारी फळी?

प्रश्न : आम्ही सोलापूरचे चौघांचे कुटुंब आहोत. उजनीच्या फुगवट्यात शनिवार-रविवार घालवता येईल आणि दिवाळीत कोकणात नेता येईल, अशी सुमारे १८ फुटांची, मुक्कामाची सोय असलेली शिडाची होडी घ्यायची आहे. तळाला कायमची जड कील (पाण्यात खाली उतरलेले वजनदार पाते) असलेली होडीच सुरक्षित, असे अनेकजण सांगतात. शिवाय केबिनमध्ये उभे राहता यावे, अशी घरच्यांची इच्छा आहे. काय निवडावे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : खोल समुद्रापुरते ते म्हणणे रास्त आहे, कारण कीलचे वजन कललेल्या होडीला पुन्हा सरळ करते. परंतु पावसाळ्यानंतर भरलेली उजनी आणि मे महिन्यात उपयुक्त साठा संपून ‘मायनस’मध्ये गेलेली उजनी यांत फार अंतर आहे. पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. अशी बांधकामे दिसू लागण्यापूर्वी हात-दोन हात पाण्याखाली दबा धरून असतात आणि तीन-साडेतीन फूट खोल कील नेमकी तेथेच अडकते. म्हणून मी उचलता येणारा सेंटरबोर्डच सुचवेन. खिळीवर फिरणारी ही फळी दगडाला लागली की ‘ठक्’ असा आवाज होऊन मागे-वर सरकते आणि होडी सहसा पुढे निघून जाते. तिच्या खाचेत गाळ मात्र बसतो, तो दर खेपेस धुऊन काढावा. फळी हलकी असल्यास तळाशी पक्के बसवलेले वजन आणि होडी पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवणारे हवाबंद कप्पे आहेत ना, हे खरेदीपूर्वी स्वतः पाहावे.

उभे राहण्याची हौस सोडावी, असे मी आग्रहाने सांगेन. १८ फुटांच्या होडीवर सहा फूट उंचीचे केबिन चढवले, तर वजन वर जाते आणि वाऱ्याला भिंतच मिळते. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, तो याच जलाशयात. पाण्याला टेकणारी लांबी १६ फूट असेल, तर अशा होडीचा वेग साधारण ताशी १० किलोमीटरपर्यंतच जातो. वळवाचे ढग दिसल्यावर काठ गाठण्याची शर्यत ती जिंकत नाही. तेव्हा ढग दूर असतानाच शीड आखूड करावे आणि सर्वांनी जीवरक्षक जाकिटे आधीपासूनच घातलेली असावीत.

डोलकाठी बिजागरीवर आडवी होणारी घ्यावी, म्हणजे टेंभुर्णीपर्यंत ट्रेलरवर नेणे सोपे जाईल. काठावर ती उभारण्यापूर्वी डोक्यावर विजेची तार नाही ना, हे प्रत्येक वेळी मान वर करून पाहावे.