आमचा लिनक्स सर्व्हर रिबूट दिला तरी रीस्टार्ट होत नाही, पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर मात्र येतंय. बॅकअपचा एनएएस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कचा डबा, त्याला एनएफएसने जोडलाय. पॉवरचं बटण दाबून बंद करू का?

नाही. किमान सर्व्हरची स्क्रीन बघितल्याशिवाय तरी नाही.

पिंगला उत्तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, देतो. म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करायची सोय, आधी बंद झालंय. बंद होता होता ते कशावर तरी अडकलंय आणि कशावर, ते आयड्रॅक किंवा आयएलओच्या (सर्व्हरची स्क्रीन लांबून दाखवणाऱ्या चिपच्या) कन्सोलवर दिसतं. ते नसेल तर मॉनिटर उचला आणि सर्व्हररूममध्ये जा.

एवढं तावातावाने सांगतोय, कारण एका पतसंस्थेत हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. ३१ मार्चची रात्र. पिग्मीचा भरणा नोंदवून झाला होता, मेमरी भरत चालली होती म्हणून मी रिबूट दिला. स्क्रीनवर स्टॉप जॉबची, म्हणजे अमुक बंद व्हायची वाट बघतोय अशी, ओळ आली, त्यात मारियाडीबी या डेटाबेसचं नाव, लाल तारका इकडून तिकडे फिरतायत, शेजारी सेकंद पळतायत. सगळ्या सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी एरवी ९० सेकंद वाट बघतो आणि मग प्रोसेस मारतो. डेटाबेससाठी ती मुदत मीच १५ मिनिटांची करून ठेवली होती, कारण बंद होताना त्याला मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायचं असतं. चार मिनिटं झाली. माझे वरिष्ठ म्हणाले, "हँग झालाय, बंद कर." मी म्हटलं, "सर, डिस्कचा दिवा बघा, लिहितंय ते अजून." हिरवा दिवा सारखा लुकलुकत होता. त्यांनी मला बाजूला केलं आणि बटण दाबून धरलं.

इनोडीबी, म्हणजे मारियाडीबीचा डेटा साठवणारा भाग, अशा धक्क्यातून सहसा सावरतं. पण डिस्का सांभाळणाऱ्या रेड (RAID) कार्डाची बॅटरी मेलेली, आणि राईट-बॅक, म्हणजे आधी कार्डाच्या मेमरीत आणि नंतर डिस्कवर लिहिणं, तरीही चालू. कार्डाच्या मेमरीत जे होतं ते गेलं, टेबलं उघडेनात. त्या बॅटरीबद्दल मी आधी दोनदा मेल केला होता. शेवटी दुपारचा बॅकअप चढवला, आणि त्यानंतरच्या सगळ्या नोंदी तिथल्या दोन क्लार्क ताईंनी पावत्या समोर ठेवून पहाटेपर्यंत पुन्हा मारल्या. एकीचं पोर काउंटरमागे सतरंजीवर झोपलं होतं. नंतरच्या मीटिंगमध्ये काय ठरलं? ज्याने रिबूट दिला त्याच्यामुळे डेटा गेला. मला ते तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही.

आता तुमचं. बॅकअपचा एनएएस एनएफएसने जोडलाय असं तुम्ही लिहिलंय, माझा संशय तिथेच आहे. एनएएस बंद असेल किंवा त्याच्याकडे जाणारं नेटवर्क आधी उतरलं असेल, तर अनमाउंट, म्हणजे तो डबा सर्व्हरपासून सोडवणं, लटकतं. त्यात सापडलेली प्रोसेस 'डी' स्टेटमध्ये, म्हणजे डिस्कची वाट बघत अडकलेली, असते, बऱ्याचदा किल -९ या जबरदस्तीने मारायच्या कमांडलासुद्धा दाद देत नाही. रिबूटच्या आधी डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मारल्यावर कर्सर नुसता बसून राहिला होता का, आठवा. एनएएस चालू करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने पुढे सरकतं. नाहीच सरकलं, तर कन्सोलच्या कीबोर्डवर ऑल्ट आणि सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम द्यायची, बहुतेकदा प्रिंट स्क्रीनवालीच, की) धरून एस, मग यू, मग बी. सिंक (मेमरीतलं डिस्कवर), रीड-ओन्ली (नवं लिखाण बंद), रिबूट. उबंटूत सिसआरक्यूची मूळ सेटिंग १७६ असते, त्यात हे तिन्ही चालतं. सर्व्हर वर आल्यावर जर्नलसीटीएल कमांडने आधीच्या बूटचा लॉग वाचा.

हो, कर्नल पॅनिक (कर्नलच कोसळल्याचा संदेश) दिसत असेल, किंवा डिस्कचा दिवा बराच वेळ निपचित आणि सिसआरक्यूलाही उत्तर नसेल, तर बटणाशिवाय इलाज नाही. व्हर्च्युअल मशीन असेल तर दिव्याऐवजी होस्टवर, म्हणजे ते ज्या खऱ्या मशीनवर चालतं तिथे, त्याचं डिस्कवरचं लिखाण चालू आहे का ते बघा.

पण बटणाला हात लावायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा, ती ओळ आणि सेकंद वाचता येतील असा. आणि बटण कोणी दाबलं, किती वाजता, ते रजिस्टरमध्ये त्याच्याच हाताने लिहून घ्या. साहेब असले तरी.